बासिलिसाचा आवाज

कार्दोसा गावात ते पुस्तक कोणी वाचलेलं नव्हतं, पण त्याच्यावाचून कोणाचं पानही हलत नव्हतं. गावामागच्या टेकडीवर चार पवनचक्क्या होत्या. त्यांतल्या तीन चक्क्यांची पाती कधीच झडून गेली होती. तरी प्रत्येक जण छातीठोकपणे सांगायचा की तो वेडा म्हातारा सरदार भाला उगारून धावला, तो याच चक्क्यांवर. शेजारच्या गावचेही आपल्या चक्क्यांबद्दल हेच सांगायचे, आणि त्यावरून जत्रेत एकदोनदा डोकी फुटली होती. गुत्त्याचं नाव पुस्तकातलं, न्हाव्याच्या दुकानाचं नाव पुस्तकातलं, मरतुकड्या घोड्याला हाक मारायची तीही पुस्तकातल्या घोड्याच्या नावानं. पोर फार हट्टाला पेटलं की आई म्हणायची, "त्याच्यासारखं डोकं फिरलंय का तुझं?" 'त्याच्यासारखं' म्हणजे कुणासारखं, हे कुणाला सांगावं लागत नसे.

बासिलिसा या गावात वाढली. एलादिओ धनगराची ही थोरली लेक. आई लवकर गेली, त्यामुळे मेंढ्यांची धार काढणं, चीज लावणं, थंडीत डुक्कर कापलं की त्याचं मांस खारवणं, आणि धाकट्या तोमासाच्या वेण्या घालणं, सगळं तिच्याच अंगावर पडलं. अंगानं ती धिप्पाड होती आणि आवाज असा, की जेवण झालं म्हणून तिनं अंगणातून हाक मारली तर दोन टेकड्यांपलीकडे बापाला ऐकू जायची. गावातले लोक थट्टेनं म्हणायचे, पाद्रीबाबांनी घंटेसाठी वर्गणी गोळा करायची गरजच काय, बासिलिसाला मनोऱ्यावर चढवा म्हणजे झालं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट ती अजून मोठ्यानं ओरडायची.

ती एकोणीस वर्षांची झाली त्या शरदात गावात नवा मास्तर आला. लेआंद्रो त्याचं नाव. सालामांकाकडचा, शिडशिडीत, सतत खोकणारा, बोटांना कायम शाई. हुकूमशहा जनरलचं राज्य होतं ते. चार माणसांनी एका जागी जमायलाही लोक घाबरायचे. पण या मास्तरानं पाद्रीबाबांची परवानगी काढली आणि दर रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, तेलाच्या घाण्यावर ते पुस्तक मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ऑलिव्हचा हंगाम होता, घाण्याची भट्टी पेटलेली असायची. बाहेर हाडं गोठायची आणि आत ऊब. निम्मे लोक उबेसाठीच यायचे. बायका विणकाम घेऊन बसायच्या, पुरुष विड्या ओढायचे. वाचायला येणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी, आणि बासिलिसा त्यांत नव्हती.

आपण जन्मभर ज्याच्या नावानं शपथा घेतल्या त्या पुस्तकात काय आहे, हे गावाला तेव्हा कळलं. म्हाताऱ्याला मार बसला की लोक गुडघ्यावर थापा मारून हसायचे. सर्वांत मोठ्यानं हसायचा सिरियाको, कारण मधल्या वेळात तो झोपलेला असायचा. शेवटच्या चालत्या चक्कीवाल्याचा हा मुलगा. चक्कीचं आता काही खरं नव्हतं, म्हणून तो एलादिओबरोबर मेंढरं राखायचा. आखूड मानेचा, रुंद खांद्यांचा, भुवयांत पीठ अडकलेला.

"अरे झोपायचं तर घरी झोप," न्हावी एकदा चिडून म्हणाला.

"घरी कोणी वाचून दाखवत नाही ना," सिरियाको म्हणाला. "वाचल्याशिवाय मला झोप येत नाही हल्ली."

मग एका रविवारी ते प्रकरण आलं. म्हातारा आपल्या मनातल्या बाईसाहेबांचे गोडवे गात होता, त्यांच्यासारखी रूपवती पृथ्वीवर नाही म्हणत होता. आणि मग त्याच्या नोकराला कळतं की ही बाईसाहेब म्हणजे शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याची धडधाकट पोर. मांस खारवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, आणि आवाज तर विचारूच नका.

 मग सगळ्यांच्या माना एकदम बासिलिसाकडे वळल्या.

"अरे, ही तर आपली बासी!" न्हावी ओरडला, आणि हसण्याचा असा गदारोळ झाला की भट्टीवरचा माणूस काय झालं म्हणून धावत आला. बासिलिसाही हसली. हसता हसता तिचं मास्तरांकडे लक्ष गेलं. मास्तर हसत नव्हते.

"हसू नका," ते म्हणाले. "ती कशी आहे हा प्रश्नच नाही. तो तिला कसा पाहतो, हा प्रश्न आहे."

आणि हे बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या दंडांकडे नाही, हातांकडे नाही. तिच्याकडे. आजवर तिला असं कोणी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी मास्तर चीज घ्यायला आले. दारात टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "बाईसाहेब, आपल्याला त्रास होणार नसेल तर एक लहानसा तुकडा हवा होता."

तोमासा आतल्या खोलीत तोंडात एप्रनचा बोळा कोंबून हसत होती. ते गेल्यावर बाहेर येऊन नाचायलाच लागली. "ताई, 'आपण' म्हणाला तुला! 'आपण'! तुला तर पाद्रीबाबासुद्धा अगं-तुगं करतो!"

"गप बैस," बासिलिसा म्हणाली. पण ती हे हळू म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

त्यानंतर मास्तर दर आठवड्याला चीज घ्यायला यायला लागले. एकटा माणूस एवढं चीज खातो तरी कुठं, असं एलादिओला वाटायचं. ते दाराबाहेरच उभे राहायचे. कधी पुढच्या प्रकरणात काय आहे ते सांगायचे, कधी नुसतेच टेकडीकडे बघत राहायचे. तिच्या हाताला त्यांनी कधी बोट लावलं नाही. आणि बासिलिसा लिंबाच्या साली हाताला चोळायला लागली, लसणाचा आणि मिठवणीचा वास जावा म्हणून. हसताना तोंडावर हात धरायला लागली. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिनं हाका मारणं सोडलं. बापाला जेवायला बोलवायचं तर ती तोमासाला टेकडीवर पिटाळायची. तोमासा वाटेत कोणाशीतरी गप्पा मारत बसायची आणि एलादिओ येईपर्यंत लापशीचा दगड झालेला असायचा.

"घसा बसलाय का तुझा?" बापानं एकदा विचारलं.

"नाही, बाबा. मुलीच्या जातीनं एवढं ओरडू नये."

"हे कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनीही नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं होतं.

मार्चमध्ये सिरियाको चीजच्या खोपटात आला. ती गवत विणून केलेल्या साच्यात दही दाबत होती, कोपरापर्यंत हात ओले. तो बराच वेळ दाराची फळी नखानं खरवडत उभा राहिला.

"बासे, एक विचारू?"

"विचार की."

"मला काही त्या मास्तरासारखं बोलता येत नाही. पण वर टेकडीवर असलो आणि खालून तुझी हाक आली ना, की मला वाटायचं, घरी कोणीतरी आहे. माझ्या घरी नाही, ते मला कळतं. पण तसं वाटायचं. हल्ली तू हाक मारत नाहीस." तो थांबला. "तर मी म्हटलं, विचारून टाकावं. लग्न करशील का माझ्याशी?"

बासिलिसाच्या हातातून दही निसटलं. तिला हसूही आलं आणि रडूही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. सिरियाको जवळ असला की तिला नेहमीच बरं वाटायचं, थंडीत भट्टीजवळ बसल्यासारखं. पण बरं वाटणं म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, असं तिला त्या रविवारांनी शिकवलं होतं. पुस्तकातला म्हातारा आपल्या बाईसाहेबांसाठी हाडं मोडून घेत होता. हा बाबा दाराची फळी खरवडत होता.

"बघू," ती हळूच म्हणाली.

"काय? ऐकू नाही आलं."

"बघू, म्हटलं."

"'बघू' म्हणजे हो की नाही? मी आपला मेंढरासारखा उभाच राहू का?"

ती खाली वाकून सांडलेलं दही गोळा करायला लागली. तो थोडा वेळ मेंढरासारखा उभा राहिला आणि मग गेला.

ईस्टरनंतर मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला. त्यांनीच माद्रिदला अर्ज केला होता, हे गावाला मागाहून कळलं. पुस्तक निम्म्यावरच राहिलं. निघायच्या दिवशी ते शेवटचे दारात आले. बासिलिसानं नवा एप्रन घातला होता. आज ते बोलतील, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "आपण अशाच राहा. मी कुठंही असलो तरी मला एवढं पुरे, की इथं आपण आहात."

टोपी छातीशी धरून ते किंचित वाकले आणि चालू लागले. बस वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी होती. तिनं ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं आणि दर वेळी त्यातून वचनच बाहेर पडलं. 'अशाच राहा' म्हणजे थांबा. थांबा म्हणजे मी येईन. एवढं सरळ असल्यावर आणखी काय बोलायचं होतं त्यांनी?

सिरियाकोला तिनं नाही म्हणून सांगितलं. त्यानं मान हलवली, "बरं" म्हणाला आणि मेंढरांमागे गेला. वाद घातला नाही, की पुन्हा विचारलं नाही. पुढं कितीतरी वर्षं तिला त्याचाच राग येत असे, की यानं एकदा तरी पुन्हा विचारायचं. पण तो पडला चक्कीवाल्याचा मुलगा, वारा नसला तर पाती ढकलत बसण्यात अर्थ नाही हे त्याला बापानं शिकवलं होतं.

मास्तरांचं पत्र आलं नाही. आलं असतं तरी तिला वाचता येणार नव्हतं, आणि हे मास्तरांना ठाऊक आहे, म्हणूनच ते लिहीत नाहीत, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पुढल्या वर्षी सिरियाकोनं तोमासाला विचारलं. तोमासानं तो वाक्य पुरं करायच्या आतच हो म्हटलं. एलादिओ थकला होता, मेंढरांना माणूस हवा होता, म्हणून सिरियाको याच घरात राहायला आला. लग्नाचं जेवण बासिलिसानंच रांधलं.

अशी ती त्या घरात मावशी होऊन राहिली. तोमासाला दोन मुलं झाली. त्यांना न्हाऊ-माखू घालणं, त्यांची आजारपणं, सगळं बासिलिसानं केलं. घरात कधी वाकडा शब्द निघाला नाही. सिरियाको तिला आता 'बासे' म्हणत नसे, मुलांच्या देखत 'मावशी' म्हणायचा. जेवताना चीजचा पहिला काप तिच्या ताटात टाकायचा. त्यापलीकडे काही नाही.

एका हिवाळ्यात टेकडीवर धुकं असं उतरलं की समोरचा हात दिसेना, आणि धाकटा भाचा मेंढरांबरोबर वरच अडकला. सिरियाको धावत अंगणात आला. "मावशी, हाक मार! तुझी हाक ऐकून तो वाट काढेल. मार हाक!"

बासिलिसा अंगणाच्या मधोमध उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. आतून जे निघालं ते चिरकं, फुटकं, कुंपणापर्यंतही न पोचणारं. तिनं पुन्हा जोर लावला. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि खोकल्याची ढास लागली. सिरियाको तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा कसा झाला होता ते ती पुढं कधी विसरली नाही. मुलाची काळजी त्यात होतीच, पण तेवढीच नव्हती.

"राहू दे," तो म्हणाला. "राहू दे गं."

मग तो पत्र्याचा डबा बडवत धुक्यात गेला आणि तासाभरानं पोराला घेऊन आला. त्या दिवशी बासिलिसा गोठ्यात जाऊन पोटभर रडली.

पुढं जनरल मेला, राज्य बदललं. शाळेत मोठ्या माणसांसाठी वर्ग निघाला. बासिलिसा पंचेचाळिशीच्या आसपास असेल, ती पाटीवर अक्षरं गिरवायला जाऊन बसली. वाचायला यायला लागल्यावर तिनं पहिली मागितली ती तीच पोथी, जाडजूड, दोन भागांतली. हिवाळाभर ती चुलीजवळ बसून एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होती. सिरियाको विस्तवावर हात शेकत रोज विचारायचा, "आली का तुझी बाईसाहेब?"

"अजून नाही."

"कमाल आहे. एवढा कसला नट्टापट्टा चाललाय तिचा?"

तोमासा हसायची. बासिलिसाही हसायची. पण मनातून ती खरोखरच वाट पाहत होती. निम्मं पुस्तक तिनं ऐकलेलं होतं. उरलेल्या निम्म्यात ती बाई येईल, म्हाताऱ्यासमोर उभी राहील, काहीतरी बोलेल, अशी तिची खात्री होती. एकदा तर गाढवावरच्या भलत्याच पोरीला तीच म्हणून म्हाताऱ्यापुढं उभी केली, तेव्हा बासिलिसाच्या काळजाचा ठोका चुकला. पण ती ती नव्हती. शेवटचं पान आलं, म्हातारा अंथरुणावर शहाणा होऊन मेला, आणि पुस्तक संपलं.

तिनं ते मिटून मांडीवर ठेवलं.

"आली?" सिरियाकोनं विचारलं.

"नाही आली."

"मुळीच नाही?"

"मुळीच नाही. पुस्तकभर नुसतं तिचं नाव."

सिरियाको बराच वेळ विस्तव उकरत राहिला. मग म्हणाला, "बिचारी. ती आपली तिकडं मांस खारवत बसली असेल. तिला कोणी विचारलंच नाही."

तोमासा ताटं घासत होती, तिनं मागं वळून पाहिलं नाही. बासिलिसाला वाटलं, आता बोलावं. मला विचारलं होतं, असं म्हणावं. पण कुणाच्या देखत म्हणणार, आणि म्हणून पुढं काय? ती पुस्तक फळीवर ठेवायला उठली. सिरियाको त्यानंतर बारा-तेरा वर्षं जगला. तेवढ्या वर्षांत ते शब्द काही तिच्या तोंडातून बाहेर पडले नाहीत, आणि मग एका उन्हाळ्यात तो मेंढ्यांची लोकर कातरता कातरता खाली बसला, तो पुन्हा उठला नाही.

पुस्तकाला चारशे वर्षं झाली तेव्हा सरकारनं सगळ्या मुलखात पैसा ओतला. कार्दोसाच्या चौकात म्हाताऱ्याचा लोखंडी पुतळा उभा राहिला, चक्क्यांना नवी पाती बसली, रस्त्याला फलक लागले. आणि सरपंच मारिबेल एक दिवस धापा टाकत दोघी बहिणींच्या घरी आली.

"मावशी, माद्रिदहून मोठे विद्वान येतायत भाषणाला! जन्मभर त्या पुस्तकावरच लिहितात. आणि ठाऊक आहे का, ते सगळीकडे सांगतात, की पुस्तकातल्या बाईसाहेब मला कार्दोसात भेटल्या, एलादिओ धनगराच्या घरी! म्हणजे तुम्हीच की! तुम्हाला व्यासपीठावर बसवायचं ठरवलंय मी. जुन्या पद्धतीचा पोशाख भाड्यानं आणते."

"पोशाख तुझ्या आजीला घाल," बासिलिसा म्हणाली. "केशराचे दिवस आहेत. मला सवड नाही."

ऑक्टोबरचा शेवट होता तो. केशराचं फूल पहाटे खुडलं की त्याच दिवशी सोलावं लागतं, दुसऱ्या दिवशी ते कशालाच उपयोगी पडत नाही. दोघी बहिणी खिडकीपाशी टेबलाला बसल्या होत्या, पुढ्यात जांभळ्या फुलांचा ढीग. दुपारी दारावर टकटक झाली. तोमासानं दार उघडलं. काठी टेकत एक वाळकुडा म्हातारा आत आला, टोपी छातीशी धरून.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "आपण ओळखलंत का मला?"

बासिलिसानं ओळखलं. जन्मभर तिनं या क्षणासाठी मनात काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातलं आता काहीच आठवेना. "बसा, मास्तर," ती म्हणाली. "टोपी ठेवा तिकडं. हात रिकामे असतील तर फुलं सोला."

मास्तर बसले. फुलातून तीन लाल काड्या अलगद ओढून काढणं त्यांना जमेना, निम्म्या तुटायच्या. त्यांनी आपलं सांगितलं. माद्रिदला गेल्यावर वर्षभरातच लग्न झालं. बायको चांगली होती, चार वर्षांपूर्वी गेली. तीन मुलं. एवढी पुस्तकं लिहिली. "आणि प्रत्येक भाषणात, बाईसाहेब, मी आपल्याबद्दल सांगत आलो. आपलं नाव कधी घेतलं नाही. पण सांगत आलो."

"माझ्याबद्दल सांगण्यासारखं काय आहे?"

"आपला आवाज," मास्तर म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. "इतका हळू आवाज मी कुठं ऐकला नाही. या रांगड्या गावात, मेंढरांच्या वासात, तो हळुवार आवाज... लोक पुस्तकातल्या त्या पोरीवर हसत होते, आणि मी आपल्याकडे बघून म्हणायचो, म्हातारा वेडा नव्हता. त्याला जे ऐकू येत होतं ते खरंच होतं."

तोमासाचा हात हवेतच थांबला. मग ती अशी खदखदून हसली की टेबलावरची फुलं उडाली. "हळू? आमच्या ताईचा? अहो मास्तर, हिनं हाक मारली की पलीकडच्या गावची कुत्री भुंकायची! तुमच्यासमोर तेवढी ती मांजर व्हायची!"

हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की दुसरं कोणी हसत नाहीये. मास्तर एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते.

"खरं आहे हे?"

"खरं आहे," बासिलिसा म्हणाली. "तो माझा आवाज नव्हता. तुम्हाला आवडेल असं वाटून मी तो काढला होता. नंतर तोच राहिला, पहिला गेला."

"पण मी कधी म्हटलं नव्हतं की..."

"नव्हतंच म्हटलं. तुम्ही काहीच म्हटलं नव्हतं, मास्तर. जे म्हटलं नव्हतं तेच मी ऐकलं आणि त्यावर बसून राहिले."

"आपण... तू माझ्यासाठी थांबलीस?" 'आपण'वरून ते 'तू'वर आले, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

"थांबले."

मास्तरांच्या बोटांत एक फूल चुरगळलं. "मला वाटलं होतं, आपण पुस्तकातल्यासारख्या... म्हणजे आपल्याला माझ्याकडून काही हवं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. राग आहे माझ्यावर?"

तिनं विचार केला. "नाही. तुमच्यावर असता तर सोपं झालं असतं."

ते अजून थोडा वेळ बसले. चहापाणी काही नको म्हणाले. जाताना दारात वाकायला गेले आणि काठी सावरण्यात ते राहूनच गेलं.

संध्याकाळपर्यंत बहिणी फुलं सोलत होत्या. मग तोमासा खाली मान घालूनच म्हणाली, "त्यानं तुला आधी विचारलं होतं, हे मला ठाऊक होतं. लग्नाआधीच सांगितलं होतं त्यानं."

बासिलिसाला कोण म्हणून विचारावं लागलं नाही. "आणि तरी तू हो म्हटलंस?"

"मला तो आवडायचा, ताई. तुला पुस्तक आवडायचं. तू हो म्हणाली असतीस तर या घरात मावशी मी झाले असते, याचा कधी विचार केलास?"

तो विचार बासिलिसानं खरंच केला नव्हता. दोन्ही भाच्यांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढं आले. ते नसते असं तिच्यानं म्हणवेना, आणि जे झालं ते बरं झालं असंही म्हणवेना.

"मला फार वाईट वाटतं, तोमासा," ती शेवटी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली.

"माहीत आहे मला," तोमासा म्हणाली, आणि बहिणीपुढचा निम्मा ढीग तिनं आपल्याकडे ओढून तिचा भार हलका केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारिबेल आली ती तोंड पाडून. "काय सांगू मावशी, कालच्या भाषणाचा सगळा विचका! बाईसाहेबांची ती गोष्ट सांगितलीच नाही त्यांनी. लोक तेवढ्यासाठी आले होते. चक्क्यांची लाकडं कुठून यायची, त्यावर बोलले. मधेच थांबायचे, कागद चाळायचे. शेवटी पाणी मागितलं आणि बसले. लोक जांभया देत होते."

ती गेल्यावर बासिलिसा तशीच बसून राहिली. आपण खरं सांगितलं, त्यात काही चुकलं असं काल तिला वाटलं नव्हतं. आता तिच्या मनात त्या काठी सावरणाऱ्या हाताचं चित्र येऊन राहिलं. बायको गेलेली, मुलं आपापल्या घरी. गावोगाव हिंडून सांगायला त्याच्याकडे ती एक बाई होती, आणि काल या टेबलाशी तिनं ती काढून घेतली होती. पुस्तकातल्या म्हाताऱ्यालाही लोकांनी असंच शहाणं केलं होतं.

तिनं आदल्या दिवशी विस्तवावर भाजून वाळवलेलं केशर कागदात बांधलं, एप्रन सोडला आणि चौकातल्या खानावळीकडे निघाली. चालता चालता काय बोलायचं ते जुळवत होती. मास्तर, तुम्ही ती गोष्ट सांगत जा. खरी नसली तरी चांगली आहे. एवढंच म्हणायचं होतं.

"गेले की ते," खानावळवाला म्हणाला. "नुसती कॉफी घेतली, पाव तसाच ठेवला. मुलगा गाडी घेऊन आला होता न्यायला. काही निरोप होता का?"

"नाही," बासिलिसा म्हणाली.

ती चौकात पुतळ्याच्या पायथ्याशी जराशी टेकली. शाळेची पोरं लोखंडी घोड्यावर चढत होती, एकमेकांना खाली ओढत होती. मग ती उठून घरी आली. तोमासानं चुलीवर ससा आणि भात चढवला होता.

"भेटले?"

"नाही."

बासिलिसानं कागद सोडला आणि त्यातलं सगळं केशर भातात टाकलं. तोमासा 'अगं, विकायचं होतं ते' म्हणायला तोंड उघडत होती, पण त्याऐवजी तिनं पळी घेऊन भात ढवळला. तिनं दोन ताटं मांडली. दोघी जेवायला बसल्या. एवढ्या केशरानं भात कडू झाला होता, पण दोघींनी तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.